उघड्या पुस्तकाची खूण

दर रविवारी दुपारी आमच्या घरी एक मोटार दुरुस्त होते. मोटार मात्र आमच्या घरी नसते. ती असते इंग्लंडात, कॉव्हेंट्री शहरात, माझ्या काकांच्या दारापुढच्या फरशीवर. इकडे कराडजवळच्या आमच्या घरात बाबा पुढच्या खोलीत बसलेले असतात, समोर पितळी डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल, आणि शेजारी मी. तिकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, इकडे दीड. थंडीच्या दिवसांत अडीच. काका गाडीखाली उताणे पडून बोलतात, बाबा जेवण अर्धवट टाकून ऐकतात, आणि मी दोघांच्या मध्ये बसून इंग्रजी मॅन्युअल वाचते.

या रविवारांतून मला जे सुचले ते लिहिते आहे. विषय मोटारदुरुस्तीचा आहे, म्हणून आपल्या वार्षिकांकात तो शोभेल की नाही अशी शंका मनात होती. कलाशाखेच्या अंकात कविता असावी, सहलीचे वर्णन असावे, फार तर एखादी सामाजिक समस्या असावी. तिथे ऑइल आणि ग्रीस कशाला? पण ही शंका मला का आली, याचा विचार करू लागले आणि लेखाचा खरा विषय हाती लागला.

आधी गाडीची ओळख करून देते. तिचे नाव रेंज रोव्हर. ही जात लोकांपुढे प्रथम आली ती १७ जून १९७० रोजी. तिच्यामागचे प्रमुख अभियंते चार्ल्स स्पेन्सर किंग. त्यांना सारे स्पेन किंग म्हणत. शेतात आणि चिखलात चालणारी लँड रोव्हर १९४८ पासून होतीच, पण तिच्यातून लांबचा प्रवास करणे म्हणजे हाडे खिळखिळी करून घेणे. किंग यांनी पाट्यांच्या जागी गुंडाळीच्या स्प्रिंगा बसवल्या, इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना दिली, आणि आतला भाग इतका साधा ठेवला की चिखल झाला तर पाण्याची नळी मारून धुता यावा. आज जिला आपण श्रीमंतांची गाडी म्हणतो, ती जन्मली तेव्हा शेतकऱ्याचे बूट डोळ्यांपुढे ठेवून जन्मली होती. पुढे तिच्यात कातडी बैठका आल्या, लाकडी नक्षीच्या पट्ट्या आल्या, आणि ती शेतातून बंगल्यापुढे आली. स्वतः किंग यांना हे रुचले नाही. शहरात मिरवण्यासाठी आणि मुलांना शाळेत सोडण्यासाठी अशा गाड्या वापरणाऱ्यांवर त्यांनी २००४ साली कडक शब्दांत टीका केली. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले तेही सायकलवरून जाताना झालेल्या अपघातानंतर.

काकांची गाडी १९९९ सालची, म्हणजे दुसऱ्या पिढीतली. ही पिढी १९९४ मध्ये आली आणि २००१ पर्यंत निघत राहिली. चाहते तिला कारखान्यातल्या सांकेतिक नावावरून ‘पी ३८’ म्हणतात. ज्या सोलिहलमध्ये ती तयार झाली ते गाव काकांच्या घरापासून मोटारीने अर्ध्या तासावर आहे. १९९४ मध्ये कारखाना बीएमडब्ल्यूकडे गेला, २००० मध्ये फोर्डकडे, आणि २००८ मध्ये आपल्या टाटांकडे. त्यामुळे बाबा गमतीने म्हणतात, “गाडी तुझी असली तरी तिचं माहेर आता आमच्याकडं आहे. जपून वापर.”

तिच्या इंजिनाची हकीगत तर एखाद्या कादंबरीत शोभावी अशी आहे. आठ सिलिंडरांचे हे अॅल्युमिनियमचे इंजिन मूळचे अमेरिकेतल्या ब्यूइकचे. १९६१ मध्ये ते बाजारात आले आणि दोन-तीन वर्षांतच कंपनीने ते बंद केले. इंग्लंडातल्या रोव्हर कंपनीचे विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिने बनवणाऱ्या एका कारखान्यात गेले असता त्यांची नजर त्यावर पडली. १९६५ साली रोव्हरने त्याचे हक्क घेतले, आणि सुधारत सुधारत ते एकविसाव्या शतकापर्यंत चालवले. एकाने टाकून दिलेली वस्तू दुसऱ्याने सांभाळली, आणि त्या सांभाळण्यातून एवढी मोठी परंपरा उभी राहिली. गोधडी शिवणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटले नसते.

आता असा प्रश्न येईल की माझे काका एवढे श्रीमंत कधी झाले? ते श्रीमंत नाहीत. एका कचेरीत हिशेब लिहितात. पण श्रीमंती गाडीचा एक नियम आहे. नवी असताना तिची किंमत ऐकून डोळे फिरतात. वीस वर्षांनी साध्या पगारदारालाही ती परवडते. भाव उतरतो तो गाडीचा. सुट्या भागांचा आणि कारागिराच्या तासाचा भाव उतरत नाही. श्रीमंताची गाडी स्वस्तात मिळते, पण श्रीमंताचे बिल तिच्याबरोबर घरात येते. काकांना हे दोन महिन्यांत कळले. तिथल्या एका गॅरेजने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला, जवळजवळ तेवढ्यातच त्यांनी गाडी घेतली होती. मग तीन वाटा उरल्या: भंगारात घालावी, कर्ज काढावे, किंवा बाह्या वर करून स्वतः खाली शिरावे. इंग्लंड-अमेरिकेत अशा जुन्या गाड्या बाळगणारे पुष्कळ लोक तिसरी वाट धरतात. त्यांत शिक्षक असतात, परिचारिका असतात, निवृत्त पोस्टमन असतात. पहिला मालक गाडीत ऐटीत बसतो. चौथा मालक तिच्याखाली झोपतो. आणि गाडी ओळखतो तो चौथाच.

काकांची पहिली अडचण अशी होती. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत. चारही कोपऱ्यांना रबराचे हवा भरलेले फुगे आहेत. एक छोटा कॉम्प्रेसर हवा भरतो, झडपांचा एक ठोकळा ती हवा चारी बाजूंना वाटतो, प्रत्येक चाकापाशी उंची मोजणारा सेन्सर असतो, आणि या सर्वांवर एक संगणक देखरेख करतो. आत बसणे सोपे जावे म्हणून गाडी उंटासारखी खाली बसते, खडकाळ वाटेवर उंच होते. नवी असताना हा सगळा थाट. पण पंचवीस वर्षांत रबर चिरणारच; त्यात कारखान्याचा दोष नाही, ते वयाचे काम आहे. काकांची गाडी रात्रीतून जमिनीला टेकू लागली.

“कुठला कोपरा बसतोय?” बाबांनी विचारले.

“सगळीच बसतीय दादा. सकाळी बघावं तर चारी कोपरे खाली.”

“चारी फुगे एका रात्रीत कसे फुटतील? एकच फुटका असणार.”

“पण दिसतात चारी बसलेले.”

बाबांनी आयुष्यभर जीप, टेम्पो आणि ट्रक दुरुस्त केले. रेंज रोव्हर त्यांनी कधी हाताने शिवलेली नाही. पण ट्रकच्या ब्रेकची हवा कुठून जाते हे शोधण्यात त्यांची तीस वर्षे गेली आहेत. ते मला म्हणाले, “पुस्तक बघ. गाडी बंद असताना ही यंत्रणा काय करते, तेवढं शोध.” मी शोधू लागले. आणि सापडले ते असे: गाडी बंद करून कुलूप लावले तरी ही यंत्रणा पूर्ण झोपत नाही. साधारण दर सहा तासांनी ती जागी होते, चारही कोपऱ्यांची उंची पाहते, आणि जो कोपरा सर्वांत खाली असेल त्याच्या पातळीला बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांना आणते. गाडी वाकडी दिसू नये म्हणून.

मी हे मराठीत सांगितले तेव्हा बाबा मोठ्याने हसले. “म्हणजे एक लंगडा झाला की बाकीचे तिघं त्याच्यासाठी वाकून उभे राहतात! मग बाहेरच्याला कसं कळायचं दुखतंय कुणाचं? तिला रातभर झोपू दे. जागं करणारा तो भाग काढून ठेव.”

गाडीला जागे करणारा तो छोटा टाइमर पुढच्या आसनाखाली असतो. काकांनी तो काढून ठेवला. सोमवारी पहाटे त्यांचा फोटो आला: तीन कोपरे ताठ, पुढचा डावा जमिनीला. पुढच्या रविवारी बाबांनी भांडी घासायच्या साबणाचे पाणी करायला लावले. त्याआधी मात्र त्यांनी दहा मिनिटे एकच गोष्ट सांगितली: “जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. स्टँड लाव, वर लाकडी ठोकळे लाव. हवेवर उभी असलेली गाडी कधी बसेल सांगता येत नाही, आणि खाली माणूस असला तर ती विचारून बसत नाही.” मग ब्रशने फुग्याच्या घडीवर साबणपाणी लावले आणि बारीक बुडबुड्यांची एक रांग उठली. पंक्चर काढणारा ट्यूब पाण्यात बुडवतो, तेच शास्त्र. शेजारचे निवृत्त इतिहासशिक्षक विजेरी धरून उभे होते. ते ओरडून काही बोलले. मी बाबांना भाषांतर करून सांगितले, “ते म्हणतायत, तुमच्या भावाला सांगा, आम्हीही साबणच वापरतो.” नवा फुगा टपालाने आला, आणि पाऊस थांबलेल्या एका दुपारी काकांनी तो बसवला.

ही हकीगत मी एवढ्या तपशिलाने का सांगितली? कारण त्या रात्री मला झोप आली नाही. गाडी वाकडी दिसू नये म्हणून दुखरा कोपरा लपवणारी ती यंत्रणा मला ओळखीची वाटली.

महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा प्रवेशअर्ज भरताना ‘वडिलांचा व्यवसाय’ या रकान्यात मी ‘व्यापार’ असे लिहिले होते. खोटे नव्हते, बाबा ऑइलचे डबेही विकतात. पण खरेही नव्हते. दुसऱ्या वर्षी ते फी भरायला गॅरेजमधून तसेच आले होते. खिडकीपाशी रांगेत उभे होते, हातातल्या नोटांच्या कडांना काळे ठसे लागलेले. मी मैत्रिणींबरोबर जिन्यावर होते. मी खाली उतरले नाही. ते गेल्यावर उतरले. त्यांनी मला पाहिले होते की नाही, हे मी आजवर विचारलेले नाही.

आता या दोन भावांकडे पाहा. बाबांनी नववीत शाळा सोडून पाना हातात घेतला, म्हणून काका बी. कॉम. झाले. आज दोघेही गाडीखाली पडतात. काकांच्या नखांत ग्रीस असते, कचेरीतले लोक कौतुकाने विचारतात, “या रविवारी काय केले?” बाबांच्या नखांतही ग्रीस असते, लग्नाच्या पंगतीत ते हात टेबलाखाली ठेवतात. एकाचे ते काम छंद ठरते, दुसऱ्याचे धंदा. इंग्लंडात मिस्त्रीला मान आहे आणि आपल्याकडे नाही, असे सोपे विधान मला करायचे नाही. काकाच सांगतात की तिथेही पोटासाठी पाना धरणाऱ्याला आणि हौसेने धरणाऱ्याला लोक वेगळ्या डोळ्यांनी पाहतात. मला म्हणायचे आहे ते आपल्याविषयी. खंडेनवमीला आपण पान्या-पकडींना हळदकुंकू वाहतो आणि उरलेले वर्षभर त्या धरणाऱ्या हाताला दाराबाहेर उभे करतो. हाताने काम करणारा तो अडाणी आणि पुस्तक वाचणारा तो शहाणा, ही विभागणी आपण बलुतेदारीच्या काळापासून सांभाळत आलो आहोत, आणि आपली महाविद्यालये ती मोडण्याऐवजी कित्येकदा पक्की करतात.

ज्या देशात काकांची गाडी बनली तिथे ही विभागणी निदान एका जागी मोडली गेली; ती जागा म्हणजे पुस्तक. जॉन हेन्स नावाचे एक गृहस्थ इंग्लंडच्या हवाई दलात होते. १९६५ च्या सुमारास एडनमध्ये असताना त्यांनी एका मित्राला जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट नव्याने बांधायला मदत केली. कारखान्याचे मॅन्युअल सामान्य माणसाच्या उपयोगाचे नाही असे त्यांच्या लक्षात आले. मग प्रत्येक भाग सुटा करताना आणि परत जोडताना त्यांनी छायाचित्रे घेतली, आणि १९६६ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. पुढे त्या मालिकेत शेकडो मोटारींची पुस्तके आली. गाडी पूर्ण खोलायची, परत जोडायची, आणि जे हाताला कळले ते लिहायचे, ही त्यांची पद्धत होती. मी इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी आहे. पण हाताला कळलेले वाक्यात कसे उतरवावे याचा धडा मला या प्रकारच्या पुस्तकांतून मिळाला. ‘बोल्ट घट्ट करा’ असे तिथे लिहीत नाहीत. किती घट्ट, कोणत्या क्रमाने, आणि कोणता बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हे लिहितात. आपल्या निबंधांत एवढा काटेकोरपणा असता तर!

पण पुस्तक उघडे असून भागत नाही. यंत्रही उघडे असावे लागते. १९७० च्या गाडीत जे बिघडे ते डोळ्यांना दिसे. १९९४ च्या सुमारास सगळेच मोटारकारखाने संगणकाच्या वाटेने निघाले होते. पी ३८ च्या मालकांना एक गोष्ट चांगली ठाऊक आहे. हवेच्या यंत्रणेत मोठा दोष आला की संगणक तो नोंदवून ठेवतो आणि यंत्रणा थांबवतो. तुम्ही फुगा बदला, झडपा साफ करा, दोष नाहीसा करा. संगणकाला तो पुसायला सांगेपर्यंत तो ऐकत नाही. आणि त्याच्याशी बोलणारे यंत्र त्या काळी अधिकृत विक्रेत्याकडेच असे. म्हणजे दुखणे बरे झाले, रोगी उठून बसला, पण सहीशिक्क्यावाचून त्याला घरी सोडत नाहीत. यावर उपाय कोणी काढला? एका हौशी मालकाने. त्याने संगणकाची भाषा उलगडली, घरच्या संगणकावर चालणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो फुकट वाटला. आज जगभरच्या शेकडो जुन्या गाड्या त्या एका माणसाच्या उदारपणावर उभ्या आहेत.

दरवेळी असा परोपकारी माणूस भेटेल यावर समाज चालू शकत नाही. त्यासाठी कायदा लागतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली लोकांनी मतदान करून मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजना आणि मालकांना मिळण्याच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडेही हा प्रश्न आलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. कारण हे की सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधणारी उपकरणे त्या खुल्या बाजारात मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ यासाठी समिती नेमली, आणि तिच्या विषयांत मोटारींचाही समावेश केला. वर्तमानपत्रात या बातम्या आतल्या पानावर येतात. आमच्या घरात त्या स्वयंपाकघरातल्या बातम्या आहेत. नवी गाडी दारात आली की बाबा बॉनेट उघडतात, पाहतात, आणि अलीकडे पुष्कळदा परत लावतात. “कंपनीत न्या,” म्हणतात. त्यांचे कान शाबूत आहेत, हात शाबूत आहेत; पण गाडी आता आवाजातून बोलत नाही, आकड्यांतून बोलते, आणि ते आकडे वाचणारी उपकरणे महाग आहेत. श्रीमंताच्या जुन्या गाडीचा प्रश्न आणि गरीब मिस्त्रीच्या पोटाचा प्रश्न हे एकच आहेत, ही गोष्ट मला एरवी कधीच कळली नसती.

या मतावर दोन आक्षेप येतील, आणि ते खोडसाळ नाहीत.

पहिला प्रदूषणाचा. एवढे मोठे इंजिन पेट्रोल पाण्यासारखे पिते. काकांना लिटरमागे पाच-सहा किलोमीटर मिळाले तर पुष्कळ. लंडनमध्ये २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व शहरभर असा नियम आहे की धुराचे मानक न पाळणाऱ्या मोटारीने दिवसाला साडेबारा पौंड भरावेत. साधारणपणे २००६ पूर्वीच्या पेट्रोल गाड्या त्यात येतात. हा नियम मला योग्य वाटतो. काकाही कामावर बसने जातात, गाडी रविवारची. पण जुनी गाडी मोडून नवी करायची तर पोलाद, अॅल्युमिनियम, रबर आणि काच पुन्हा घडवावी लागते, आणि तो धूर आपल्या रस्त्यावर दिसत नाही एवढेच. क्वचित चालणारी, नीट राखलेली जुनी गाडी आणि रोज धावणारी, कधीच न तपासलेली गाडी यांना एकाच मापाने मोजू नये.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. कोणीही उठून ब्रेक खोलू लागला तर? याचे उत्तर इंग्लंडातल्या वार्षिक तपासणीत आहे. तिथे मोटार तीन वर्षांची झाली की तिला दरवर्षी परीक्षा द्यावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, गंज, धूर, सगळे पाहिले जाते. दुरुस्ती मालकाने केली की मिस्त्रीने, हे परीक्षक विचारत नाही. नीट झाली आहे का, एवढेच पाहतो. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि मग तपासणी करून पाच पाच वर्षांनी वाढते. दिल्लीत २०१५ आणि २०१८ च्या आदेशांनी तर सरळ वयाचीच रेघ ओढली होती. २०२१ च्या धोरणात मात्र गाडीच्या योग्यतेची तपासणी हा आधार धरला आहे, आणि ते तत्त्व मला पटते. वय पाहू नका, प्रकृती पाहा. आणि पंधराव्या वर्षापर्यंत थांबू नका, आधीपासून पाहा. दुरुस्तीला मोकळीक आणि तपासणीला कडकपणा, या दोन गोष्टी एकत्र असाव्यात असे माझे मत आहे.

आता आपल्यापुरते. नुसते मत मांडून अंकातली पाने अडवू नयेत म्हणून दोन सूचना करते. एक: आपल्या ग्रंथालयात एक कपाट दुरुस्तीच्या पुस्तकांचे असावे. पंप, शिलाईयंत्र, सायकल, मोटार, पंखा, काहीही. आणि मराठीत अशी पुस्तके थोडी आहेत, तर ती लिहिण्याचे काम भाषेच्या विद्यार्थ्यांनी का करू नये? मी सुरुवात केली आहे. त्या हवेच्या यंत्रणेची माझी वही चाळीस पानांची झाली. दोन: वर्षातून एक शनिवार असा असावा की त्या दिवशी गावातले मिस्त्री, शिंपी, गवंडी, वायरमन यांनी आपल्याला शिकवावे, आणि आपण, प्राध्यापकांसकट, खाली बसून शिकावे. पाहुण्यांना नारळ आणि शाल देतो तशी त्यांनाही द्यावी. फार खर्चाचे नाही.

शेवटी त्या खुणेविषयी सांगायचे राहिले. पी ३८ च्या वातानुकूलनाच्या पट्टीवर, आत काही बिघाड झाला की, एक छोटे चिन्ह पेटते. ते चिन्ह उघड्या पुस्तकाचे आहे. अर्थ असा की पुस्तक काढा आणि वाचा. काकांच्या गाडीत ते त्यांनी गाडी घेतल्यापासून पेटलेले आहे. डॅशबोर्डामागे हवेची झडप फिरवणाऱ्या लहान मोटारी असतात, त्यांपैकी एक थकली असावी असा आमचा अंदाज आहे. तिथपर्यंत हात जायला बरेच काही खोलावे लागते, म्हणून काका टाळतात. मागच्या रविवारी म्हणाले, “राहू दे ना दादा, गाडी चालतीय.”

बाबा मोबाइलकडे वाकून म्हणाले, “चालतीय हे बघतोयच की. पण ती वाच म्हणतीय ना? मग वाचू. पोरीची परीक्षा संपली की बसू.”

या वर्षीच्या अर्जात त्या रकान्यात मी ‘मोटार मेकॅनिक’ असे लिहिले. जिन्यावरच्या त्या दिवसाविषयी मात्र बाबांशी अजून बोललेले नाही. परीक्षा संपली की बोलेन.

(तृतीय वर्ष, कला)